अंगणातलं हे काटेरी झाड नक्की कोणतं?

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. दोन वर्षांपूर्वी आत्यानं साताऱ्याहून वीतभर कांडी आणून दिली, ती कंपाउंडच्या कडेला नुसती खोचली होती, आता माझ्या खांद्याला लागलंय. खोड तीन धारांचं, मधोमध पांढुरके पट्टे, धारेवर तपकिरी काटे जोडीजोडीनं आणि प्रत्येक जोडीपाशी चमच्यासारखं छोटं पान. फांद्या सगळ्या सरळ वर. फूल एकदाही नाही. आत्या म्हणते त्रिधारी निवडुंग, नर्सरीवाला म्हणाला कॅक्टस, मोबाईलचं ॲप दरवेळी वेगळंच नाव सांगतंय. लेक 4 वर्षांची आहे, दिवसभर तिथंच खेळते, म्हणून जरा काळजी वाटतीय.

माळरान:
कॅक्टस नाही ताई. कॅक्टसला काटा जिथून निघतो तिथं कापसासारखी बारीक गादी असते. एक पान खुडून बघा, पांढरा चीक आला तर युफोर्बिया. हातमोजे घालून खुडा. आपल्याकडचा फड्या निवडुंग तेवढा खरा कॅक्टस, तोही मूळ अमेरिकेतला, बाकी त्रिधारी, शेर हे सगळे चिकाचे.

परसबाग_मिरज:
आत्यांचंही फार चुकलं नाही, त्रिधारीपण याच कुळातला. पण त्याची पानं बारीक, लगेच गळतात. पट्टे, टिकणारी पानं आणि अशा उभ्या फांद्या म्हणजे युफोर्बिया ट्रायगोना, मूळ आफ्रिकेतलं. बागेत त्याला फूल फार क्वचित येतं, कांडीवरच वाढवतात.

डोंगरवाट:
नाव काहीही असू दे, चिकाला जपा. गेल्या वर्षी कुंपणाचा निवडुंग छाटताना विळ्यावरचा एक थेंब माझ्या डोळ्यात उडाला, आधी नुसती चुरचुर वाटली म्हणून दोन तांबे पाणी मारलं आणि परत कामाला लागलो, रात्री डोळा उघडंना, सकाळी सगळं धुक्यातनं बघितल्यागत. आठ दिवस ड्रॉप घातले तेव्हा नीट झालं. उडालाच तर लगेच 15-20 मिनिटं स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा आणि दुखायचं थांबलं तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लहान पोरं हात तसाच डोळ्याला लावतात हो.

कृष्णाकाठची:
आत्ता पान खुडलं, दुधासारखा चीक टपकन् आला आणि मोज्यावर डिंकासारखा चिकटून बसला. गच्चीवर हलवायचं ठरवलंय, गच्चीला कुलूप असतं. पण एवढं मोठं झाड मातीतनं काढून जगेल का?

परसबाग_मिरज:
जगतंय की. मोडलेल्या कांड्या लगेच लावू नका, आठवडाभर सावलीत ठेवा, कापलेली जागा वाळली की मग लावा. नुसती आपली काळी माती कुंडीत भरू नका, पाणी धरून ठेवते आणि पावसाळ्यात बुंधा कुजतो. निम्मी वाळू आणि विटांचा चुरा घाला. काढताना झाडाला जुनं पोतं गुंडाळा, डोळ्यांवर गॉगल असू दे.

कृष्णाकाठची:
खूप आभार सगळ्यांचे. रविवारी हे आणि मी मिळून काढतो, तोवर भोवती जाळी लावलीय. आत्यालाही फोन केला, तिच्या तर दारातच आहे हे झाड आणि सुट्टीत नातवंडं येतात.