गिटार घरीच शिकतोय: सी अडतो, एफ मुका, आणि आईचा सूर काळी चार

कर्वेनगरी

गिटार ॲकूस्टिक आहे, ४१ इंची, स्टीलच्या तारांची. क्लास लावायचा नाहीये. यूट्यूबवरच्या फुकट धड्यांवर सहा आठवडे झाले, रोज साधारण अर्धा तास. कुठे अडलंय ते नेमकं लिहितो.

सी कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर) पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार वाजत नाही, नुसता थप्प आवाज येतो. एफ तर पूर्ण मुका. जीवरून सीवर जाताना उजवा हात थांबतो. पाऊस सुरू झाल्यापासून तारा जास्तच कडक लागतात, की हा माझा भ्रम? आणि मूळ हेतू आईच्या भावगीतांना, अभंगांना साथ करण्याचा आहे. तिचा सूर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. नेटवरचे कॉर्ड वाजवले की तिला गाताच येत नाही.

धडे ढिगाने आहेत, आधी कुठला आणि नंतर कुठला हेच कळत नाही.

तारस्वर

पुण्यात सल्ला न मागताही मिळतो. तुम्ही तर मागितलाय, म्हणून सविस्तर.

एक कोर्स धरा आणि तो संपेपर्यंत दुसरा उघडू नका. जस्टिन सँडरको या ऑस्ट्रेलियन शिक्षकाची 'जस्टिन गिटार' ही वेबसाइट २००३ पासून आहे. नवशिक्यांचा कोर्स तिथे क्रमाने लावलेला आहे आणि फुकट आहे. (ॲपला पैसे पडतात, वेबसाइटवरच्या धड्यांना नाही.) सुटे व्हिडिओ वाईट नसतात, पण जी कॉर्डची बोटं प्रत्येक जण वेगळी दाखवतो आणि दर आठवड्याला बोटं बदलली की हाताला वळण लागत नाही.

तुमचा जी-सी बहुधा तिथेच अडतोय. जी असा धरून बघा: अनामिका सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेलं घर म्हणजे फ्रेट), मधलं बोट पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. आता सीवर जाताना अनामिका आणि मधलं बोट यांची जोडी आहे त्याच आकारात एकेक तार खाली सरकते, तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर टेकते, करंगळी उचलते. बोटं नव्याने मांडावी लागत नाहीत.

मग एक मिनिटाचा गजर लावा आणि जी-सी-जी-सी किती वेळा बदलता येतो ते मोजा. प्रत्येक कॉर्ड म्हणजे एक. आकडा वहीत लिहा. मिनिटाला ३० च्या वर गेला की ती जोडी गाण्यात वापरायला हरकत नाही. ६० झाला की तिचा सराव थांबवून पुढची जोडी घ्या. आणि गाणं वाजवताना उजवा हात कधीही थांबवायचा नाही. डावा पोचला नसेल तर मोकळ्या तारा वाजू द्या. शेवटच्या अर्ध्या मात्रेला मोकळ्या तारा वाजल्याचं ऐकणाऱ्याला कळतही नाही, पण ठेका तुटला तर लगेच कळतं.

सीमधली पहिली तार मरते ती तर्जनीचं पोट तिला टेकतं म्हणून. नखं मुळापर्यंत कापा, अंगठा गळ्याच्या मागे मधोमध आणा, मनगट किंचित पुढे काढा म्हणजे बोटाचं शेवटचं पेर उभं पडेल. बोट फ्रेटच्या पट्टीला लागून, तिच्या अलीकडे. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबलं तर दुप्पट जोर लावूनही तार झणझणते. शिक्षक समोर नसल्यामुळे हे दिसायला एकच उपाय: फोन डाव्या हाताच्या बाजूला ठेवून आठवड्यातून एकदा पाच मिनिटं रेकॉर्ड करा.

अर्धा तास सलग न बसता सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं करा. बोटं कमी सोलतात.

लाकूडफोड्या

पावसाळ्यातला कडकपणा भ्रम नाही. लाकूड दमट हवेत पाणी ओढतं, ब्रिजच्या (तारा खाली जिथे अडकवतात तो तुकडा) आजूबाजूची वरची फळी फुगून वर येते आणि तिच्याबरोबर ताराही उचलल्या जातात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उलट होतं: फळी बसते, गळ्याच्या कडेला फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागतात.

एफ मुका असेल तर बोटांना दोष देण्याआधी गिटार मोजा. स्टीलची पट्टी घ्या. बाराव्या फ्रेटची पट्टी ते सहाव्या तारेची खालची बाजू हे अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास हवं, पहिल्या तारेला दोनच्या आत-बाहेर. मग सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी फट बघा. ०.२ ते ०.२५ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल-न जाईल इतकी. त्याहून मोठी असेल तर गळा वाकलाय. ट्रस रॉड (गळ्यातली ताण देणारी सळई) ॲलन कीने घड्याळाच्या दिशेने एका वेळी पाव वळसा, पुन्हा सूर लावून पुन्हा मोजायचं. जोर लावावा लागला तर तिथेच थांबा.

तिसरी तपासणी नटची (गळ्याच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यातून तारा जातात), आणि एफचं खरं दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं. तार तिसऱ्या फ्रेटला दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या पट्टीवरची फट बघा. केसभर हवी. कार्ड सहज सरकलं तर नटच्या खाचा उथळ आहेत. त्या खोल करण्याचं काम घरी करू नका. खाच एकदा जास्त गेली की मोकळी तार झणझणते आणि नट बदलावा लागतो.

कर्वेनगरी

मोजलं. बाराव्या फ्रेटला सहावी तार ३.५ मिमी. सातव्या फ्रेटची फट ठीक. नटपाशी कार्ड आरामात जातं. तारा १२ ते ५३ चा सेट आहे (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). म्हणजे सॅडल (ब्रिजवरचा, तारा टेकतात तो तुकडा) घासायचं का? एक मिलिमीटर कमी करायचंय.

लाकूडफोड्या

बाराव्या फ्रेटला एक मिलिमीटर उतरवायला सॅडलचे दोन मिलिमीटर जातात, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर आहे. सॅडल बाहेर काढून त्याच्या खालच्या बाजूला पेन्सिलने रेघ मारायची, काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून सपाट घासायचं. आधी बघा की सॅडल ब्रिजच्या वर तेवढा शिल्लक आहे का.

उतरता_सूर

थांबा. ऑगस्टमध्ये सॅडल घासू नका. आत्ता फळी फुगलेली आहे, आज तारांची उंची २.५ वर आणलीत तर मार्चमध्ये फळी बसली की सगळ्या तारा फ्रेटला घासतील आणि नवा सॅडल घ्यावा लागेल. नोव्हेंबरात परत मोजा, तेव्हा ठरवा. नट मात्र आत्ताच दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, त्याचा फळीशी संबंध नाही.

तोवर दोन गोष्टी. सेट १० ते ४७ चा लावा. १२ च्या सेटचा एकूण ताण साधारण ७३ किलो, १० चा ६० च्या आसपास. बोटांना फरक पहिल्याच दिवशी कळतो. दुसरं, सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एका घरात दाबून धरणारा चिमटा) लावा. सूर नेहमीचाच मिळतो, ताण आणखी कमी होतो, आणि कॅपोमुळे उंच नट खेळातूनच बाद होतो. एफ याच स्थितीत शिका. आधी नुसत्या खालच्या, म्हणजे बारीक, चार तारांचा छोटा एफ, मग पूर्ण. पूर्ण एफमध्ये तर्जनीला सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच तारा सांभाळायच्या असतात, मधल्या तीन इतर बोटं दाबतात. म्हणून तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलवा.

गिटार बाहेरच्या ओल्या भिंतीला टांगू नका. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्याने पुसा, केसमध्ये सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या.

लाकूडफोड्या

पावसाळ्याचा मुद्दा मान्य. सॅडल नोव्हेंबरात.

दादरा_कहरवा

आईच्या सुराचं कुणीच बोललं नाही. काळी चार म्हणजे जी शार्प. नेटवर बहुतेक गाणी ज्या पट्टीत लिहिलेली असतात ती मूळ गायकाची किंवा लिहिणाऱ्याच्या सोयीची. गाणं ज्या कॉर्डवर येऊन विसावतं तो बहुतेक वेळा 'सा'. तो सी असेल तर सगळं जीच्या आकारात बदलून घ्या: सीचा जी, एफचा सी, जीचा डी, ए मायनरचा ई मायनर, डी मायनरचा ए मायनर. मग कॅपो पहिल्या फ्रेटला, झाली काळी चार. बघा, एफ आपोआप गेला. गाणं ए मायनरवर विसावत असेल तर त्याचा ई मायनर करा आणि कॅपो चौथ्या फ्रेटला. तानपुऱ्याचं फुकट ॲप जी शार्पवर लावून त्याच्यावर वाजवून बघा, चूक लगेच ऐकू येते.

ठेक्याचं. धड्यांमध्ये सगळ्यात आधी शिकवतात तो 'खाली, खाली-वर, वर-खाली-वर' हा स्ट्रम (तारांवर हात फिरवायचा क्रम) कहरव्याच्या आठ मात्रांवर मांडा. १, ३, ५, ७ ला हात खाली, २, ४, ६, ८ ला वर. वाजतात त्या १, ३, ४, ६, ७, ८. पाचवीला हात खाली जातो पण तारेला लागत नाही, आणि कहरव्याची काल (टाळी न देता हात मोकळा सोडायची मात्रा) नेमकी पाचवीवरच आहे. म्हणून हा स्ट्रम आपल्या गाण्यांना इतका चपखल बसतो. तोंडाने 'धा गे ना ती न क धी न' म्हणत हात हलवा, मेट्रोनोमची गरज निम्मी होईल. भावगीत दादऱ्यात असेल तर हा स्ट्रम अजिबात लावू नका. 'धा'ला एक जाड तार, 'धी ना'ला बारीक तारांवर दोन हलके खालचे फटके, 'धा तू ना'ला पुन्हा तसंच, फक्त जाड तार बदलून.

कर्वेनगरी

तारा अर्धा सूर उतरवून ठेवल्या तर कॅपोचं गणित बदलेल ना?

दादरा_कहरवा

हो, एक घर पुढे. जीच्या आकाराला दुसरा फ्रेट, ई मायनरच्या आकाराला पाचवा. आणि कॅपो लावल्यावर ट्यूनर परत एकदा लावा. कॅपोच्या दाबाने तारा थोड्या चढतात, जाड तारा जास्त.