दोन तासांमागचा दिवस

दोन तासांच्या साथीला एवढं मानधन कशाला, हा काहींनी विचारलेला प्रश्न तबलजी म्हणून मनाला लागला. परवा पुण्याहून चिपळूणला कार्यक्रमाला गेलो. गायक-गायिका दोघं होते, दोघांची पट्टी वेगळी, म्हणून काळी एक आणि काळी चार (पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांचे सूर) असे दोन तबले, डग्गा, हातोडी. एसटीत पिशवी मांडीवरच, डिकीत टाकायचा धीर होत नाही. कोकणातल्या दमट हवेत पुडी (तबल्यावरचं चामडं) सैल पडून सूर उतरतो, रंगमंचावरच्या दिव्यांनी तापली की चढतो. त्यामुळे दीड तास आधी पोचून सूर लावायला गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकत बसायचं. पुडी फाटली तर खर्च आपलाच. जेवण रात्री एकला. नव्या मुलांनो, प्रवासखर्च मानधनापेक्षा वेगळा, हे आधीच फोनवर ठरवून घ्या.