१२३४५६७८९८७६५४३२१ अक्षरी कसं लिहायचं?

गोमू: मुलांच्या गणिती कोड्यांचा हिंदीतून अनुवाद करतेय. १११११११११ चा वर्ग शीर्षकातली संख्या येतो. मूळात ती 'बारह पद्म, चौंतीस नील, छप्पन खरब...' अशी आहे. मी खरबचं खर्व केलं तर संपादक चूक म्हणतात. एकच ना ते?

बोरूबहाद्दर: मुळीच नाही. हिंदीत शंभर अरबांचा (अरब म्हणजे आपला अब्ज) खरब. आपल्याकडे, भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथाच्या क्रमाने, दहा अब्जांचा खर्व. त्यांचा खरब म्हणजे आपला निखर्व. तुमची संख्या अशी: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख, चोपन्न हजार तीनशे एकवीस.

चहाबाज: मध्य, अंत्य कुठल्या पोराला कळणार? आजोबांनी पाठ करून घेतलं होतं, पण शंकू आला की माझ्या डोळ्यांपुढे भूमितीचं पुस्तक. सरळ कोटींत लिहा.

बोरूबहाद्दर: लिहून दाखवा.

चहाबाज: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख... दोनदा कोटी आलं तर काय बिघडलं? अर्थसंकल्पाच्या बातम्यांत 'लाख कोटी' चालतंच की.

बोरूबहाद्दर: बातम्यांवरून मराठी ठरवायची तर झालंच कल्याण.

रिकामटेकडी: खर्व म्हणजे ठेंगू ना? गणपतीच्या ध्यानश्लोकात 'खर्वं' त्याच अर्थाने येतं. एवढ्या मोठ्या संख्येला बुटकी कोण म्हणालं? माझा अंदाज, पुढच्या जलधीच्या मानाने बुटकी!

बोरूबहाद्दर: अंदाज छान आहे. आधार?

पाटीपेन्सिल: शब्दांचं राहू द्या, संख्या बघा. १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणून वर्गाला ८१ ने जातो. आणि अंकांची बेरीजही ८१! आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्येला देवळालीच्या गणितज्ञ कापरेकर गुरुजींनी 'हर्षद' नाव दिलं. शिवाय नुसत्या एकांच्या संख्येचा वर्ग, म्हणून ही त्यांची डेम्लो संख्याही आहे. वर्ग करण्याआधी आणखी एक १ जोडलात तर मात्र गंमत मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठ गायब.

रिकामटेकडी: आणि तिथे बोरूबहाद्दरांची यादीही संपते. शेवटच्या परार्धाच्या (दहा मध्यांच्या) पुढे काय?

बोरूबहाद्दर: बारा परार्ध म्हणायचं. अडतं कुठे?

चहाबाज: म्हणजे तुमचं 'बारा परार्ध' चालतं, आमचं 'लाख कोटी' नाही!

फास्टलोकल: डेम्लो म्हणजे आमची डोंबिवली बरं का. गुरुजींना ही कल्पना तिथेच सुचली.

पाटीपेन्सिल: जुन्या जीआयपी (आजच्या मध्य) रेल्वेवरचं, मुंबईपासून तीसेक मैलांवरचं स्टेशन एवढं ठाऊक आहे. पण डोंबिवलीचं डेम्लो कसं होईल? 'ब' गेला कुठे?

फास्टलोकल: साहेबाने ठाण्याचं 'टाना' केलं, तेव्हा विचारलं होतं का कुणी?

रिकामटेकडी: हर्षद शुद्ध संस्कृत, डेम्लो साहेबी. गुरुजींना दोन्ही चालायचं, भांडतोय आपण.

बोरूबहाद्दर: 'हर्ष देणारी' संख्या, तर स्त्रीलिंगी 'हर्षदा' हवं. नवा धागा काढतो.