डायव्हर्टिक्युलायटिस आणि गॅसचं दुखणं
तुम्ही लिहिलंय की ओटीपोटात डावीकडे ३ दिवस दुखतंय आणि गॅस असेल म्हणून थांबलाय, तर प्लीज थांबू नका. गॅसचं दुखणं सहसा जागा बदलतं, येतं जातं, डायव्हर्टिक्युलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या बारीक पिशव्या सुजल्याचं दुखणं मात्र एकाच जागी ठाण मांडून बसतं आणि वाढतच जातं. माझ्या आईला नुसतं खोकलं तरी कळ यायची, पोटाला हात लावू देत नव्हती, त्यात ताप आणि शौचाला साफ नाही, शेवटी सीटी स्कॅनमध्ये या पिशव्यांना सूज दिसली. आणि हो, आशियाई लोकांत हे उजवीकडेही होतं, मग अपेंडिक्सच वाटतं. पोट लाकडासारखं कडक झालं, उलट्या थांबेनात किंवा शौचातून रक्त गेलं तर मध्यरात्र असली तरी इमर्जन्सीत जा. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) लगेच नाही करत, साधारण ६ ते ८ आठवड्यांनी सूज उतरल्यावर करतात.