शब्दचर्चा: 'पर्माडेथ'ला मराठीत काय म्हणाल?

चकमकी: 'फायर एम्ब्लेम अवेकनिंग'वर लिहायला घेतलंय. निन्टेंडो थ्रीडीएस या हातात धरायच्या गेमयंत्रावरचा खेळ, जपानात २०१२ साली आला, बाहेर २०१३ मध्ये. चौकटींच्या नकाशावर आळीपाळीने चाली, आणि लढाईत मेलेला गडी उरलेल्या खेळात पुन्हा दिसत नाही. हाच 'पर्माडेथ'; १९९० पासून 'फायर एम्ब्लेम' मालिकेची हीच ओळख. समीक्षकांनी 'अवेकनिंग' डोक्यावर घेतला (समीक्षांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर शंभरात ९२), पण 'कॅज्युअल' प्रकारात पडलेले गडी पुढच्या लढाईत ठणठणीत परत येतात म्हणून जुने खेळाडू फुरंगटले. 'पर्माडेथ'ला 'कायममृत्यू' लिहिलं तर विम्याचा अर्ज वाटतो. काही सुचवा.

बखरवाला: 'कामी आला' आहे की! "पाचव्या लढाईत धनुर्धारी कामी आला." त्यात परत येण्याची आशाच नाही. सोबत 'जायबंदी'ही घ्या. कडक, म्हणजे पर्माडेथवाल्या, प्रकारातसुद्धा कथेला लागणारी काही पात्रं मरत नाहीत, जखमी होऊन मागे हटतात. पुढे संवादात दिसतात, हत्यार मात्र धरत नाहीत. ते जायबंदी.

हुतूतू: बखरीपर्यंत कशाला जाता, मैदानावर शब्द पडलेत. कबड्डीचे जुने प्रकार आठवा: संजीवनी, गामिनी, अमर. गामिनीत मेलेला गडी बाहेरच. हाच तुमचा पर्माडेथ.

चकमकी: गामिनीत अख्खा संघ बाद झाला की सगळे पुन्हा उतरतात ना? म्हणजे ते उलट 'कॅज्युअल'च्या जवळ जातं. या लढाईपुरता बाहेर, पुढचीला हजर.

हुतूतू: बरोबर. मग संजीवनी याच मालिकेतल्या 'फेट्स'ला द्या. २०१५ च्या त्या खेळात 'फीनिक्स' प्रकार आहे, मेलेला गडी पुढच्याच पाळीला उठून उभा. पर्माडेथला मात्र कबड्डीत जागा नाही, इतका निर्दय खेळ आपण पोरांना शिकवलाच नाही.

अर्धविराम: 'कॅज्युअल'ला सरळ 'कच्चं लिंबू' म्हणा. जुन्या खेळाडूंचा राग त्या एका शब्दात येतो. ते तर 'रडीचा डाव'ही म्हणतील, पण तो इथे चुकीचा. रडीचा डाव म्हणजे नियम मोडून रडणं. इथे सवलत खेळानेच देऊ केली आहे, सुरुवातीलाच विचारून. रडीचा डाव शोधायचाच तर कडक प्रकारात शोधा: गडी मेला की बंद करून तीच लढाई पुन्हा मांडायची. फुशारकी पर्माडेथची आणि मरू कुणालाच द्यायचं नाही! असं करणारे खेळाडू थोडे नाहीत.

बखरवाला: त्याला 'डाव मोडणे' म्हणू. रडीचा म्हणवत नाही, मीही त्यातलाच.

चकमकी: 'कच्चं लिंबू' आवडलं, पण एक खोच आहे. कॅज्युअलमध्येही नायक क्रोम किंवा आपलं स्वतःचं पात्र पडलं की खेळ खलास. म्हणजे दोन पिकली, बाकी सगळी कच्ची.

आणखी दोन शब्द हवेत. एक, 'पेअर अप'. दोन गडी एका चौकटीत उभे राहतात, मागचा पुढच्याचं बळ वाढवतो, मधूनच वार करतो किंवा त्याच्यावरचा वार झेलतो. खेळाडूंची तक्रार अशी की याची किंमत फारशी मोजावीच लागत नाही, त्यामुळे नकाशावर डोकं चालवायची गरज उरत नाही. दुसरा, कठीण पातळ्यांवर शत्रूची नवी माणसं नकाशावर उगवतात आणि त्याच पाळीत हल्ला करतात.

बखरवाला: पहिल्याला 'पाठराखण'. दुसऱ्यासाठी 'कुमक' तयारच आहे, पण तुमची तक्रार कुमकेची नाही, ती आल्याआल्या तुटून पडते त्याची आहे. 'दग्याची कुमक' लिहा. खेळाडूचा सगळा संताप 'दगा'त आहे. नकाशा वाचून, मोजून चाल केली आणि मागून किल्ल्याच्या चौकटीतून घोडेस्वार निघाला, तर त्यात त्याची काय चूक?

अर्धविराम: समीक्षकांसाठीही एक शब्द ठेवा. ते 'सोपा' म्हणत नाहीत, 'नवख्यांना सामावून घेणारा' म्हणतात. 'सोपा' हा तक्रारीचा शब्द आहे, तो जुन्या खेळाडूंच्या तोंडीच राहू दे.

चकमकी: घेतो. लेखात 'कामी आला' वापरतोय, पण शीर्षकात 'पर्माडेथ'च ठेवीन. शोधणारे तोच शब्द टाकून शोधतात.