दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये स्वस्त लायपेज टिकेल का?

मळीगंध (प्रश्न): मळीपासून अल्कोहोल काढताना मिळणाऱ्या फ्यूजेल तेलात आयसोअमाइल अल्कोहोल भरपूर असते. त्यापासून लायपेज या एन्झाइमच्या साहाय्याने आयसोअमाइल ॲसिटेट, म्हणजे केळ्याच्या वासाचे एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल यांच्या जोडणीतून होणारे संयुग), बनवण्याचा माझा एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. विकतचे स्थिरीकृत (घन आधारावर पक्के बसवलेले) एन्झाइम परवडत नसल्यामुळे शेंगदाणा पेंडीवर वाढवलेल्या ऱ्हायझोपस बुरशीचे वाळवलेले कवकजाल (बुरशीच्या तंतूंचे जाळे) थेट वापरण्याचा विचार आहे. हेक्झेन या विद्रावकाऐवजी 40 अंश सेल्सिअस आणि 100 बारवरील कार्बन डायऑक्साइड घेतल्यास त्यातील लायपेज तग धरेल का?

बुरशीप्रेमी: 100 बारने एन्झाइमचे प्रथिन उलगडत नाही, त्यासाठी सहसा हजारो बार लागतात. 31 अंश आणि 74 बार ओलांडल्यावर हा वायू अतिक्रांतिक (वायू आणि द्रव यांच्या मधल्या) अवस्थेत जातो, एवढाच त्या दाबाचा अर्थ. खरा प्रश्न पाण्याचा आहे. ॲसिटिक आम्ल घेतल्यास एस्टरच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू तयार होतो, ते पाणी कवकजालाभोवती साठते, त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सामू (pH) 3 च्या आसपास उतरतो आणि अभिक्रियाही उलटी फिरू लागते. मात्र एन्झाइम पूर्ण कोरडे केले, तर त्याची लवचिकता जाऊन ते जवळजवळ निष्क्रिय होते.

मळीगंध: मग आम्लाऐवजी व्हिनाइल ॲसिटेट घेऊ का?

बुरशीप्रेमी: वेग मिळेल, पण त्यातून निघणारे ॲसिटाल्डिहाइड एन्झाइममधील लायसिनच्या अमिनो गटांना चिकटते. तुमच्या कामासाठी इथाइल ॲसिटेट बरे: पाण्याऐवजी इथेनॉल तयार होते, फक्त अभिक्रियेचा समतोल पुढे ढकलण्यासाठी इथाइल ॲसिटेट जास्त प्रमाणात घ्यावे लागते.

दाबपात्र: मी हे तंत्र वापरतो, म्हणून थोडे कटू सांगतो. एन्झाइम स्वस्त झाले तरी दाबपात्र आणि पंप स्वस्त होत नाहीत, आणि आयसोअमाइल अल्कोहोल आणि इथाइल ॲसिटेट ही दोन्ही द्रव्ये द्रवच असल्यामुळे येथे विद्रावकाची गरजच संशयास्पद आहे. आधी विद्रावकाशिवाय आणि हेक्झेनमध्ये तोच प्रयोग करून तुलनेचे आकडे हाती ठेवा. शिवाय उकळून निष्क्रिय केलेल्या कवकजालाचा एक नियंत्रण प्रयोगही (सक्रिय एन्झाइम नसताना काय होते हे पाहण्यासाठी) ठेवा. कार्बन डायऑक्साइडचा खरा फायदा दाब उतरवून उत्पादन वेगळे करताना होतो. तो दाब मात्र हळूहळू सोडा. झटक्यात सोडल्यास कवकजालात मुरलेला वायू फुगून बाहेर पडताना त्याची रचना फाटते, आणि तेच कवकजाल दुसऱ्या फेरीत वापरायचे असेल, तर स्वस्ताईचा हिशेब तिथेच बिघडतो.