ताप उतरायची वाट पाहू नका

केमो (कर्करोगावरची औषधं) चालू असलेल्या मुलाला रात्री ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबावं का, असं एका पालकाने विचारलंय. कळकळीने सांगते, थांबू नका. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे ५००च्या खाली असतात तेव्हा पूही धरत नाही. सलाइनची सुई टोचलेल्या जागी नुसती फिकट लाली दिसते आणि जंतू मात्र रक्तात पोचलेले असू शकतात. अशा वेळी ताप हीच अनेकदा एकमेव ठळक खूण असते, पॅरासिटामॉलने तीही पुसली जाते. ताप काखेतच मोजा, गुदद्वारातून कधीच नाही. ३८ अंश सेल्सिअसला लगेच रुग्णालयात निघा. पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.

न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया टाळण्यासाठी दिलेली कोट्रायमॉक्साझोल या औषधाची गोळी 'मूल बरं दिसतंय' म्हणून बंद करू नका. १९७७ साली डॉ. वॉल्टर ह्यूज यांनी अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयात १६० मुलांवर अभ्यास केला. नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्या ८० पैकी १७ जणांना तो न्यूमोनिया झाला, खरं औषध घेणाऱ्या ८० पैकी एकालाही नाही!

भावंडांना गोवर-कांजिण्यांच्या लशी जरूर द्या, पोलिओची मात्र इंजेक्शनचीच. आणि केमो चालू असलेल्या मुलाचा कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आला तर पुरळाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.